मामींचा अभ्रा

ऑफिसने माझ्याकडे चार ओळी मागितल्या होत्या. सासूबाईंबद्दल चार ओळी, आणि दुःखाच्या पाहिजेत, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. वर सासूबाईंचा दवाखान्यातला फोटो लावणार, नाकात नळी असलेला, मधे माझ्या ओळी आणि खाली मोठ्या अक्षरात, मदत करा. मी ओळी दिल्या नाहीत आणि फोटोही लावू दिला नाही. तेव्हापासून लाँड्रीत उठलंय की जावयाला माज आलाय. दवाखान्याचं बिल थकलंय आणि हा दारात आलेल्या पैशाला लाथ मारतोय.

माज आलाय ते खरं आहे. कुठून आला तेवढं सांगतो. ज्यांनी पाठीमागे बोलून घेतलं त्यांनी आता समोरून वाचून घ्यावं.

मी लाँड्रीचा टेम्पो चालवतो. शाळा सातवीत सुटली. लिहायचं म्हणजे गेटवर सही करायची, एवढंच. बायको म्हणाली, बोलता तसं लिहा, बोलताना कुठे अडता तुम्ही? म्हणून बोलतोय तसं लिहितोय. चुका निघतील, काढत बसा.

सासूला मी मामी म्हणायचो. बाकी सगळी लाँड्री त्यांना मावशी म्हणायची, मुकादमसुद्धा. आणि लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान समजू नका. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, पडदे गाड्या भरभरून येतात. मागच्या दाराने मळकं आत, पुढच्या दाराने धुतलेलं बाहेर, आणि मधे सगळी वाफ. मधोमध रोलर. घराच्या भिंतीएवढा लांब, तापलेला. एका बाजूने ओली चादर त्यात सरकवायची, दुसऱ्या बाजूने कोरडी आणि कडक होऊन बाहेर येते. त्या दुसऱ्या बाजूला घडीचं टेबल, आणि तिथे मामी.

चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी टोकं धरायची, मागे सरकायचं, एक झटका द्यायचा, पुढे यायचं, टोकाला टोक, परत मागे. दिवसभर तेच. लांबून बघितलं तर वाटायचं बायका एकमेकींना भेटतायत आणि परत रुसून मागे जातायत. जोडीतली एखादी चुकली की मामी चादर सोडायच्या नाहीत, चादरीसकट तिलाच ओढून जवळ घ्यायच्या.

"काय गं, झोप झाली नाही का नवऱ्याने होऊ दिली नाही?"

अख्खी रांग हसायची. चुकलेली पण हसायची आणि परत चुकायची नाही.

मी लाँड्रीत लागायच्या आधी त्यांच्या मुलीचं विचारायला घरी गेलो होतो तेव्हा त्यांनी मला बसासुद्धा म्हटलं नाही.

"टेम्पो स्वतःचा का मालकाचा?"

"मालकाचा."

"मग स्वतःचं काय आहे?"

मी म्हटलं, "लायसन आहे."

मग आत तोंड करून मुलीला म्हणाल्या, "चहा टाक गं. फार काही नाही याच्याकडे, पण खोटं तरी बोलत नाही."

आता अभ्र्याचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथून आहे.

एका हॉटेलने टाकून दिलेला उशीचा अभ्रा होता, कडेला निळी रेघ असलेला. मामींनी तो शिवून धडका केला होता. कुणाच्या घरी अडचण आली, कुणाचं छप्पर गेलं, कुणाचा नवरा घर सोडून गेला, कुणाच्या पोराला दवाखान्यात ठेवलं, की पाळी सुटताना मामी दारात तो अभ्रा धरून उभ्या राहायच्या. कुणासाठी आहे ते सांगायच्या नाहीत आणि कुणी विचारायचं पण नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाने त्यात मूठ घालायची. ज्याच्यासाठी गोळा करायचं तोही लाईनीत असायचा, त्यानेपण मूठ घालायची. सगळे झाले की मामी अभ्र्याला गाठ मारायच्या आणि न मोजता त्याच्या घरी पोचवायच्या.

लग्नानंतर मी लाँड्रीत लागलो, नवा होतो तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मी नोट दोन बोटांत धरून झेंड्यासारखी पुढे केली. मामींनी मनगटावर फटका दिला.

"जाहिरात नको, मूठ."

मी मूठ आत घातली, नोट सोडली आणि हात मोकळा करून बाहेर काढला. परत फटका.

"बाहेर काढताना पण बंद."

"अहो, पण आता काही नाहीये त्यात. रिकामी मूठ बंद कशाला ठेवायची?"

"घरी या, सांगते."

घरी गेलो तर त्या लसूण सोलत बसल्या होत्या. माझ्यापुढे अर्धा लसूण सारला आणि म्हणाल्या, "समजा लाईनीत एकजण असा आहे की त्या दिवशी त्याच्याच घरी चूल पेटायची नाही. त्याने काय करायचं?"

"रिकामी मूठ घालायची."

"आणि?"

"आणि काय?"

"आणि भरून काढायची."

मी सोलता सोलता थांबलो. "मामी, ही तर चोरी झाली."

"चोरी कुणाला न विचारता करतात. हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. सगळ्यांच्या मुठी बंद असल्या की घातलं कुणी आणि काढलं कुणी, देवालासुद्धा कळत नाही."

"आणि एखादा लबाड निघाला, दर वेळी काढायला लागला तर?"

"काढू दे की. अभ्र्याला डोळे नाहीत आणि मला मोजायची खोड नाही. आजवर तो रिकामा काही घरी गेला नाही, एवढं मला वजनावरून कळतं."

"तुम्ही कधी काढलेत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली मान घालून लसूण सोलायला लागलो. आजपर्यंत मला त्याचं उत्तर मिळालेलं नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणते मला माहीत नाही, आणि विषय बदलते.

तर असं बरेच दिवस चाललं होतं आणि ऑफिसला याचा पत्ता नव्हता. मग रोलरवालीचा हात भाजला.

रोलरवाली म्हणजे रोलरमध्ये ओली चादर सरकवणारी बाई. त्या मशीनला पुढच्या बाजूला एक आडवा दांडा असतो. चुकून हात पुढे गेला की दांड्याला लागतो आणि मशीन थांबतं. आमचा दांडा तुटून पडला होता. मुकादमाला विचारलं की तो म्हणायचा, वर सांगितलंय. वर म्हणजे मालकाकडे. वर सांगितलं होतं आणि वरच राहिलं. एक दिवस चादरीबरोबर तिचा हातही आत गेला. मनगटापर्यंत. मी तिला टेम्पोत चादरींच्या गठ्ठ्यावर बसवून दवाखान्यात नेलं. ती ओरडत नव्हती, फक्त चादर खराब होतेय, चादर खराब होतेय, म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मामी अभ्रा घेऊन उभ्या राहिल्या. कुणासाठी ते त्या वेळी सांगायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या मुठी पडल्या, दोन्ही पाळ्यांच्या. मामींनी गाठ मारली, अभ्रा टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला गेल्या. तेवढ्यात कामाला लागून आठवडाही न झालेली, मागच्या दाराला असल्यामुळे लाईन न बघितलेली एक पोरगी तिथून ट्रॉली ढकलत चालली होती. तिने बघितलं, टेबलावर गाठ मारलेला अभ्रा पडलाय. मळकं कापड गाठ मारूनच येतं आमच्याकडे. तिने उचलला, ट्रॉलीत टाकला आणि ट्रॉली गेली मशीनमध्ये. गरम पाणी, साबण, सगळं.

मशीन सुरू झालं आणि आतून खडखड, खडखड.

मुकादम धावत आला. "बेअरिंग गेलं! बंद करा, बेअरिंग गेलं!" आणि त्याने तिथूनच वर फोन लावला.

मशीन थांबवलं, दार उघडलं, तर फेसातून चिल्लर बाहेर आली आणि मागोमाग नोटांचा लगदा. सगळ्या बायका तोंडावर हात ठेवून उभ्या. ती पोरगी भिंतीला टेकून रडायला लागली. मामी आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, "बघता काय? पिळा."

मग काय, एकेक नोट सोडवून चादरीवर मांडली, वरून दुसरी चादर घातली आणि हळूहळू रोलरमधून काढली. ज्या रोलरने तिचा हात भाजला त्याच रोलरने तिचे पैसे वाळवले. कडक निघाल्या नोटा, कोऱ्या असल्यासारख्या. रोलरवालीच्या नवऱ्याने दवाखान्यात बघितल्या तर तो घाबरला, म्हणाला खोट्या तर नाहीत ना? आणि त्या पोरीला तेव्हापासून सगळे बेअरिंग म्हणतात. तिच्या घरचे विचारतात हे कसलं नाव, ती सांगत नाही.

पण मुकादमाचा फोन वर गेला होता. म्हणून मालक खाली आले.

मालक वाईट माणूस नाही, हे मी आजही म्हणतो. हसरा आहे, पगार वेळेवर देतो. पण त्याला चांगलं दिसायची फार हौस. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचे डोळेच चमकले. "असं काही आपल्याकडे चालतं आणि मला माहीतच नाही!" दोन दिवसांनी त्यांनी एक तरुण मॅडम आणल्या. आम्ही त्यांना फंडवाल्या मॅडम म्हणतो. मुलगी चांगली, बोलायला गोड. घडीच्या टेबलाशी उभी राहून सगळ्यांना समजावून सांगायला लागली.

"मावशी, तुम्ही जे करता ना, त्याला फंडरेझिंग म्हणतात. निधी उभारणं. फक्त ते नीट करायला पाहिजे. आपण रोलरवाल्या ताईंच्या हाताचा फोटो लावू, त्यांची कहाणी लिहू. आपली मोठमोठी हॉटेलं आहेत, ती देतील. कुणी किती दिलं ते बोर्डवर लिहू, म्हणजे बाकीच्यांना पण द्यावंसं वाटतं. शेवटी एक छोटा कार्यक्रम."

"कार्यक्रमात काय?" मामींनी विचारलं. हातातली चादर सोडली नव्हती.

"ताई स्टेजवर येतील, मालक त्यांना चेक देतील. ताई आभार मानतील."

"कसे? हात वर करून?"

बायका हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या, कारण मामी हसत नव्हत्या.

"हे बघ बाळ, नाव तुम्ही काही पण द्या. मागतो आम्ही पण. मागण्यात लाज कसली? पण मागून झाल्यावर मान कुणाची खाली जाते, तेवढं मला सांग. आमच्यात कुणाची जात नाही. देणाऱ्याची वर जात नाही आणि घेणाऱ्याची खाली जात नाही. तुझ्या त्या स्टेजवर काय होणार?"

"पण मावशी, पैसे जास्त येतील."

"येतील की."

मामींनी ते कबूल केलं, बरं का. जास्त येणार हे त्यांनाही दिसत होतं. मग म्हणाल्या, "आणि दांडा?"

"कसला दांडा?"

"मशीनचा. तो कुठल्या फंडातून येणार?"

मॅडमना दांडा माहीतच नव्हता. त्यांचा काय दोष, त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

पुढच्या वेळी अभ्रा निघाला तेव्हा मालक स्वतः लाईनीत आले. बरोबर फोटो काढणारा. मालकांचा नंबर आला, त्यांनी मोठी नोट काढली, अशी उंच धरली आणि फोटोवाल्याकडे बघून हसले. मामींनी अभ्र्याचं तोंड आवळलं.

"मूठ बंद करा साहेब."

"अहो मावशी, फोटोत दिसायला नको का?"

"मग फोटोतच टाका. सरका बाजूला, मागे लाईन आहे."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिथे थांबल्या असत्या तरी भागलं असतं, पण मामी थांबणाऱ्यातल्या नव्हत्या.

"आणि साहेब, आम्ही गोळा करतो ते माणसाच्या अडचणीला. दांडा तुम्ही बसवला नाही, ती अडचण नाही, ती तुमची चूक आहे. चुकीला आम्ही वर्गणी काढत नसतो. तिच्या हाताचा खर्च तुम्ही द्या आणि दांडा बसवा. मग घाला मूठ, मी स्वतः अभ्रा धरते."

दुसऱ्या दिवशीपासून मामींना घडीच्या टेबलावरून काढून मागच्या दाराला टाकलं. मळकं निवडायला. दवाखान्याच्या चादरी तिथे येतात, त्यांच्यात काय काय असतं ते मी लिहीत नाही. त्या वयात तिथे पाठवणं म्हणजे घरी जा असं सांगणंच. मामींनी हातमोजे घातले आणि गेल्या. जाताना घडीच्या टेबलाला म्हणाल्या, "टोकं नीट धरा गं, मी लांबून बघतेय."

आणि रोज सकाळी मालकांची गाडी आत आली की मागच्या दारातून आवाज यायचा.

"साहेब, दांडा आला का?"

बरोबर हॉटेलची माणसं असोत, बँकेची असोत. नमस्कार करावा तसं विचारायच्या. मुकादम एकदा हात जोडून म्हणाला, "मावशी, गप्प बसा ना, माझी नोकरी जाईल."

"मी काय शिवी दिली का रे? दांड्याची चौकशी केली."

मग घडीच्या टेबलावरच्या विचारायला लागल्या. मग पिळायच्या मशीनवरच्या. मी पण टेम्पोतून उतरताना विचारायचो. एका हॉटेलच्या साहेबाने शेवटी मालकांनाच विचारलं, हा दांडा दांडा काय प्रकार आहे? त्या महिन्यात दांडा बसला. रोलरवालीच्या औषधाचा खर्चही मालकांनी दिला, कुरकुर करत दिला, पण दिला. बोर्ड लागला नाही आणि ती स्टेजवर चढली नाही. मामींना मात्र घडीच्या टेबलावर परत कधी घेतलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

मग त्या आजारी पडल्या. लाँड्रीमुळे पडल्या असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. पोटात गाठ होती, बरीच जुनी असणार. ज्या दवाखान्यात ठेवलं तिथल्या चादरी आमच्याच लाँड्रीच्या. पहिल्या दिवशी नर्सने चादर उलगडली तर मामींनी तिचा हात धरला, टोक बघितलं आणि मला म्हणाल्या, "ही घडी बेअरिंगची आहे. डावं टोक चुकवते मेली. सांगा तिला."

मी सांगितलं. बेअरिंग खूप रडली आणि मग टोक जुळवायला लागली.

एकदा दुपारी फंडवाल्या मॅडम भेटायला आल्या. फळं आणली होती. मामींचा डोळा लागला होता. मॅडमनी फोन काढून फोटो घेतला. मामींनी एक डोळा उघडला.

"काय काढलंस?"

"काही नाही मावशी, तुमच्यासाठीच. मालक म्हणाले, उपचारासाठी आपण..."

"दाखव."

मॅडमनी फोन पुढे धरला. मामींनी बराच वेळ बघितलं.

"ही कोण म्हातारी? केस पण विंचरले नाहीत हिचे. पूस."

मॅडमनी पुसल्यासारखं केलं. त्या गेल्यावर मामी माझ्याकडे वळल्या.

"जावईबुवा, मी गेल्यावर माझं हे असलं तोंड भिंतीवर लावून कुणी पैसे मागितले तर तुम्हाला सोडणार नाही."

"मामी, तुम्ही कुठे चाललात?"

"कुठे जाणार? तुमच्याच डोक्यावर बसणार. केळं सोला."

गेल्या महिन्यात त्या गेल्या. सकाळची पाळी भरायच्या वेळेला. नर्सने तोंडावरून चादर ओढली ती वाकडी ओढली. मी दोन्ही टोकं धरून ती सरळ केली. समोरून टोक धरायला कुणी नव्हतं, बायको पायाशी बसून होती. एकट्याने नीट होत नाही ते काम.

त्यानंतर ऑफिसमधून बोलावणं आलं. मालकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, मावशी म्हणजे आमच्या लाँड्रीचा आत्मा होत्या वगैरे बोलले. मग मॅडमनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. बोर्ड तयार होता. आणि त्यावर तोच फोटो. पुसलेला.

मी मॅडमकडे बघितलं. त्या टेबलाकडे बघत होत्या.

मालक म्हणाले, "मावशींच्या नावाने फंड काढतोय. पहिलं तुमचं दवाखान्याचं बिल त्यातून भरू, सगळं. उरलेलं बाकीच्या बायकांच्या अडीअडचणीला. तुम्ही फक्त हो म्हणा आणि चार ओळी द्या."

बिल केवढं होतं ते मला माहीत होतं. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. फोटो माझ्या फोनवर पाठवा म्हटलं.

घरी बायको माझ्याआधी बोलली. "द्या की मग फोटो. आई काय भिंतीवरून उतरून भांडायला येणार आहे?"

"तुझी आई? उतरेल."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग डोळे पुसून चिडली. "हसू नका. बिल कोण भरणार? लायसन गहाण ठेवणार का तुमचं? तत्त्वं सांगायला आई मोकळी होती, निस्तरायचं आपल्याला आहे. एक फोटो! लोक मेल्यावर फोटो लावतातच ना?"

तिचं चूक होतं असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी फोन काढून तिच्यापुढे ठेवला. तिने तो फोटो तोपर्यंत बघितलेला नव्हता. तिने फोन उचलला, जवळ धरला, बोटाने मोठा केला. नळी, उघडं तोंड, कपाळावर आलेले केस.

"विंचरले पण नाहीत," ती म्हणाली.

मग फोन उलटा ठेवला. "नाही म्हणून सांगा. मी सांगितलंय म्हणावं."

मी दुसऱ्या दिवशी वर गेलो आणि सांगितलं.

मालक म्हणाले, "मग बिल?"

"भरू. हप्त्याने भरू, उशिरा भरू. त्यांचं तोंड दाखवून नाही भरणार. आणि बायकांच्या अडीअडचणीचं म्हणाल तर त्याला अभ्रा आहे."

"हा शुद्ध माज आहे."

"हो साहेब. सासरकडून मिळालेली तेवढी एकच वस्तू आहे माझ्याकडे."

मग मॅडमना म्हटलं, पुसा, या वेळी माझ्यासमोर. त्यांनी पुसला. कॉम्प्युटरवरचा, फोनमधला, सगळा. मला दाखवून पुसला आणि हळूच म्हणाल्या, सॉरी दादा. मी म्हटलं, मला नका म्हणू.

बिलाचं लोकांना फार पडलंय म्हणून सांगून टाकतो. दवाखान्याने हप्ते करून दिले. मी रविवारी पण टेम्पो काढतो. फिटायला वेळ लागेल. मान सरळ आहे.

आता राहिलं परवाचं. मामींच्या खणात त्यांचा ॲप्रन आणि चपला राहिल्या होत्या, त्या न्यायला बायको आली होती. पाळी सुटली. आम्ही दोघं दाराकडे निघालो तर पुढे लाईन थांबलेली. दारात बेअरिंग उभी, हातात निळ्या रेघेचा अभ्रा.

"लाईनीत या," ती मला म्हणाली. अभ्रा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"कुणासाठी आहे?"

"विचारायचं नसतं, माहीत नाही का?"

मी बायकोकडे बघितलं. ती माझ्या मागे लाईनीत उभी राहिली, ॲप्रन आणि चपला काखेत धरून. पुढे रोलरवाली होती. तिचा तो हात पुरता मिटत नाही आता. तिने त्यावर दुसरा हात झाकला आणि दोन्ही हात मिळून अभ्र्यात घातले, तसेच झाकून बाहेर काढले. जिन्यावर मालक उभे होते. बघत होते. खाली आले नाहीत. फंडवाल्या मॅडम मात्र आल्या होत्या. आमच्या पुढे लाईनीत उभ्या होत्या, त्यांचा नंबर आला तेव्हा बेअरिंगला विचारलं, "रिकामी चालते का?"

"आम्हाला काय माहीत कशी आहे," बेअरिंग म्हणाली. "फक्त बंद ठेवा."

माझा नंबर आला. मी मूठ घातली. आत गार चिल्लर हाताला लागली, नोटा लागल्या. कापड जुनं झालंय, पातळ. मी बंद मूठ बाहेर काढली. माझ्या मागून बायकोने घातली आणि काढली.

आम्ही टेम्पोत येऊन बसलो. दोघांच्या मुठी मांडीवर, बंद. मी काही विचारलं नाही. पण स्टिअरिंग धरायचं तर मला मूठ उघडावी लागणार होती. ते तिच्या लक्षात आलं, आणि तिने तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं.